पर्शियन मांजर आणि रत्नागिरीचा पावसाळा : नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीअखेर साय घरी आली, क्रीम रंगाची डॉल फेस (तोंड थोडंच चपटं असलेली) पर्शियन, जेमतेम तीन महिन्यांची. विकणाऱ्याने सांगितलेलं की आठवड्यातून दोनदा ब्रश केला की झालं, पण ते साफ चुकीचं आहे. हिचे वरचे केस लांब आणि आत कापसासारखी लव, गुंता होतो तो त्या लवीत, वरून ब्रश फिरवला तर कळतही नाही. स्टीलचा कंगवा लागतो, रोज दहा मिनिटं, मुळापासून, आधी काखा आणि कानामागे. एकदा लग्नाला गेलो नि चार दिवस राहिलं तर काखेत सुपारीएवढी गाठ, कात्री लावायची नाही कारण कातडी पातळ असते, पटकन कापली जाते, मी तासभर बोटांनी एकेक केस मोकळा करत बसले आणि ती बिचारी माझ्या मांडीवर गप्प पडून होती.

मे महिना बाथरूमच्या लादीवर झोपून निभला. खरा त्रास जुलैत. आमच्याकडे तेव्हा टॉवेल चार दिवस वाळत नाही, हिचे केस कुठून वाळणार? अंघोळ घातली, वरवर सुकल्यासारखी वाटली, आणि पंधरा दिवसांत कानामागे रुपयाएवढं टक्कल. गजकर्ण! पर्शियनला ते तसंही लवकर धरतं, आणि माणसालाही लागतं, माझ्या मनगटावर चट्टा उठलाच. दीड महिना औषध, रोज चादरी धुवायच्या, त्याही पावसात. आता पावसाळ्यात अंघोळ बंद, घालावीच लागली तर ड्रायर कमी गरम ठेवून मुळं कोरडी होईपर्यंत.

डोळ्यांतून सतत पाणी येतं, चपट्या तोंडामुळे, रोज कोमट पाण्याच्या कापसाने पुसते. पंच फेस, म्हणजे नाक अगदी आत दबलेल्या, तर घेऊच नका, त्यांना श्वासाचाही त्रास असतो. फरशीला फिनेल बंद केलं, मांजर पंजे चाटते आणि ते तिला विष आहे. आजी कच्चा बांगडा घालायची, आता उकडून, काटे काढून, तोही कधीतरीच, बाकी कॅट फूड.

एक गोष्ट मात्र मी सायला घेताना विचारलीच नाही. पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, पीकेडी म्हणतात, आईबापापैकी एकात असला तरी पिल्लात यायची शक्यता निम्मी. दोघांचा डीएनए रिपोर्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सायची सोनोग्राफी पुढच्या महिन्यात कोल्हापूरला करायचीय, आंबा घाटातून बास्केटमध्ये तिला कसं न्यायचं यापेक्षा रिपोर्टचीच धाकधूक जास्त आहे.