कॅम्पातली पियानोची शिकवणी

पुण्याच्या कॅम्प भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या या शिकवणीला पाटी नाही आणि तिची जाहिरातही होत नाही. माझी मुलगी तेथे पियानो शिकते. शिकवणाऱ्या बाई मूळच्या गोव्यातील सासष्टीच्या असून, त्यांची पद्धत इतर वर्गांहून इतकी वेगळी का, हे त्यांची घडण जाणून घेतल्याशिवाय उमगत नाही.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन पाहून गाणे, म्हणजेच सॉल्फेज, आणि व्हायोलिन शिकवले जाई. बाईंचे आजोबा अशाच शाळेत तयार झाले होते आणि गावातल्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे सामूहिक गायिलेली प्रार्थना, होई तेव्हा व्हायोलिनची साथ करीत. कागदावरचे स्वर नीट गाता येईपर्यंत त्यांनी नातीला वाद्याला हात लावू दिला नाही. पियानोची ओढ मात्र आत्यामुळे लागली. आत्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि घरच्या जुन्या पियानोवर रविवारच्या स्तोत्रांचा सराव करताना डावा हात तेवढा पुन्हा पुन्हा घोळवीत. त्यामुळे स्तोत्राची चाल कानी पडण्याआधीच त्याचा खालचा बास, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, या मुलीला पाठ झालेला असे, आणि रविवारी त्यावर वरचे आवाज येऊन बसले की आठवडाभर आपण नेमके काय ऐकत होतो याचा उलगडा होई. त्या उलगड्याच्या आनंदासाठीच आपण पियानोकडे वळलो, असे बाई सांगतात. पुढे पणजीची कला अकादमी, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा हे सगळे रीतसर झाले.

आजोबा आणि आत्या दोघेही या वर्गात आजही हजर आहेत, असे म्हणायला हरकत नाही. सुरुवातीचे कित्येक धडे मुले पट्ट्यांना जेमतेम शिवतात. टाळीवर मात्रा धरून स्वर गात राहतात. नंतर प्रत्येक नव्या रचनेचा डावा हात आधी पाठ करून घेतला जातो, उजवा हात तेवढ्यापुरता बाई वाजवतात, आणि तो पक्का झाला की बाजू बदलतात. जर्मन संगीतकार बाखच्या घरातील 1725 च्या वहीत असलेला, पुष्कळ काळ त्याच्याच नावावर खपलेला पण वस्तुतः क्रिस्तियान पेट्झोल्ड याचा असलेला जी मेजरमधील मिन्युएट (एक नृत्यरचना) बहुतेक ठिकाणी वरच्या चालीपुरता घोटून घेतात. येथे मुलीला डाव्या हातातही एक स्वतंत्र चाल आहे हे ऐकू येऊ लागले, याचे श्रेय मी या पद्धतीलाच देईन. सहा मात्रांचा संथ मांडो आणि त्यामागून येणारे चपळ दुलपोद हे गोव्यातले गीतप्रकार गाऊन दाखवत लयीतला फरक समजावण्याची त्यांची हातोटी तर कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात सापडणार नाही.

परीक्षांची घाई असलेल्या पालकांनी मात्र विचार करूनच जावे. विद्यार्थी तयार झाला असे स्वतःला वाटेपर्यंत बाई त्याला ग्रेडच्या (टप्प्याटप्प्याच्या) परीक्षेला बसवत नाहीत आणि आर्जवांना दाद देत नाहीत. लग्नसमारंभात वाजवण्याजोगे एखादे सिनेगीत लवकर बसवून हवे असेल, तर ही जागा नव्हे. (आमच्या घरीही ही मागणी आजीकडून झालीच होती.) घरी 61 पट्ट्यांचा साधा कीबोर्ड चालत नाही, 88 वजनदार पट्ट्यांचे वाद्य लागते, आणि हा खर्च लहान नाही. वर्गातला अपराइट (उभा) पियानो सुरेल आहे, पण पावसाळ्यात दमट हवेने आतले लोकरी फेल्ट फुगतात आणि आत बल्ब पेटता ठेवूनही मधल्या एकदोन पट्ट्या दाबल्यावर उशिरा वर येतात. खोली लहान असल्याने पालकांना जिन्यात थांबावे लागते.

फी बेताची आहे. मे महिन्यात आणि नाताळात बाई गोव्याला जातात, त्या काळातले धडे नंतर भरून दिले जातात. नवे विद्यार्थी जूनमध्येच घेतले जातात, तेव्हा चौकशी एप्रिलमध्ये केलेली बरी.