रहस्यकथांचं कपाट दर्शनी ठेवणारं वाचनालय

डोंबिवली पूर्वेला फडके रोडवरून आत वळलं की दोन जुन्या इमारतींच्या मधे हे वाचनालय लागतं. तीन पायऱ्या, अर्धं वर केलेलं शटर, आत एकामागे एक दोन खोल्या. 2009 मध्ये लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हापासून मी इथली सभासद आहे. अनामत 500 रुपये, महिन्याची वर्गणी सध्या 180. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक मिळतं. सकाळी 8 ते 11:30, संध्याकाळी 5 ते 9, सोमवारी बंद. आमच्यासारख्या लोकलने येणाऱ्यांसाठी ते रात्रीचे 9 फार मोलाचे आहेत, कारण गाडी लेट झाली तरी पुस्तक बदलता येतं.

मी पाच तारे देते आहे आणि त्यातले तीन एकट्या पहिल्या कपाटाला आहेत.

रहस्यकथा आणि भयकथा वाचणाऱ्यांना वाचनालयात त्यांची जागा कुठे असते ते पाठ असतं. मागच्या खोलीत, सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी. उकिडवं बसून शोधायचं आणि गुडघे झाडत उठायचं. लग्नाआधी मी एका वाचनालयात जायचे, तिथल्या काउंटरवरच्या बाई पुस्तकावर शिक्का मारताना दर वेळी विचारायच्या, ‘‘यातून काय मिळतं गं तुला?’’ मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मग वरून एक प्रवासवर्णन घ्यायचे आणि त्याच्याखाली माझं पुस्तक सरकवायचे. ते प्रवासवर्णन न उघडताच परत जायचं.

इथे शटरमधून वाकून आत आलं की समोर पहिलं कपाट रहस्यकथांचं, त्याला लागून भयकथा आणि विज्ञानकथा. डोळ्यांच्या उंचीवर. मुखपृष्ठं फाडून रेक्झिनची बांधणी करायची पद्धत इथे नाही. प्रत्येक पुस्तकाला पारदर्शक प्लास्टिक आहे, त्यामुळे कवटी, कंदील, रक्ताचा ओघळ, जे काय असेल ते सगळं जसंच्या तसं दिसतं. वाचनालय चालवणाऱ्यांना सगळे काकाच म्हणतात. पहिल्या दिवशी मी सवयीने मागच्या खोलीकडे निघाले तर म्हणाले, ‘‘ताई, तिकडे स्पर्धा परीक्षेची आहेत. तुम्हाला काय हवं?’’ मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘‘खून आवडतो की भूत?’’ चहात साखर किती विचारावं तितक्या सहज.

त्या कपाटात मला बाबूराव अर्नाळकर भेटले, त्यामुळे हे वाचनालय माझ्यासाठी नुसतं वाचनालय राहिलं नाही. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. माझे बाबा त्यांचे भक्त. आमचं घर चिपळूणला. बाबांनी शाळकरी वयापासून झुंजार आणि काळा पहाड या अर्नाळकरांच्या नायकांच्या पातळ पुस्तिका जमवल्या होत्या. आजोबांना ते सहन व्हायचं नाही. ‘‘असलं वाचून डोकं कामातून जातं,’’ म्हणत त्यांनी एकदा अर्ध्या पुस्तिका बंबात घातल्या. उरलेल्या बाबांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या आणि ती ट्रंक कायम त्यांच्या खाटेखाली असायची. 26 जुलै 2005 च्या पुरात ती पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर बाबांनी ट्रंक अंगणात उघडली तेव्हा आत एकच ओला लगदा होता. त्यांनी वरची पुस्तिका सोडवायचा प्रयत्न केला तर पानाचा कागद बोटांना चिकटून आला. ते काही बोलले नाहीत. आईही काही बोलली नाही, एरवी ती त्या ट्रंकेला ‘कचरा’ म्हणायची.

तर या कपाटात एक झुंजारकथा निघाली, बाबांकडे होती तीच. मी ती घरी नेऊन बाबांना फोनवर वाचून दाखवली, रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं. कुठे काय होणार ते त्यांना सगळं पाठ होतं, तरी ‘पुढे’ म्हणायचे. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी ते पुस्तक मला हवं तितके दिवस ठेवू दिलं.

सासरी मात्र पहिली काही वर्षं जड गेली. सासूबाईंचा नियम साधा होता, तिन्हीसांजेला भुताखेताचं वाचायचं नाही आणि ते पुस्तक देवघराच्या खोलीत न्यायचं नाही. तो मी पाळला. 2012 मध्ये मला दिवस गेले तेव्हा त्यांनी वाचायलाच बंदी केली. गर्भावर संस्कार होतात, बाळ दचकरं निघतं, असं त्यांचं म्हणणं. मी गुपचूप वाचत राहिले. सातव्या महिन्यात एक दिवस ऑफिसातून आले तर उशाखालचं भयकथाकार नारायण धारपांचं पुस्तक गायब. आमचं जोरात भांडण झालं. मी त्यांना अंधश्रद्धाळू म्हणाले. त्या रात्री नवऱ्याने मला सांगितलं की आईचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, आणि तेव्हा घरातल्या बायका तिलाच विचारत होत्या, तू काय खाल्लंस, काय पाहिलंस, कुठे गेली होतीस. मला हे ठाऊकच नव्हतं. मी पुन्हा पुस्तकाचा विषय काढला नाही.

ते पुस्तक माळ्यावर पितळेच्या मोठ्या पातेल्यात सापडलं, मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर. सासूबाईंनी स्वतःच काढून दिलं. दिवसाला एक रुपया दंड, म्हणजे दीडशेच्या वर झाला होता. नवरा ते परत करायला गेला. एरवी तो माझी पुस्तकं बदलून आणायला कचरायचा, कोणी ओळखीचं भेटलं तर काय म्हणेल म्हणून. काकांनी दंड घेतला नाही. रजिस्टरात रेघ मारली आणि त्याच्या हाती लघुकथांचा एक पातळ संग्रह दिला. ‘‘बाळाला घेऊन एका हाताने धरता येईल असं देतोय. जाड पुस्तक आत्ता नको.’’ लहान मूल असलेल्या बाईला किती वजनाचं पुस्तक पेलेल याचा विचार करणारा दुसरा ग्रंथपाल मी पाहिलेला नाही. नवऱ्याने घरी येऊन तो संग्रह मला द्यायच्या आधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यातली एक कथा वाचली. तो आजही वाचक नाही, पण पुस्तकं आता तोच बदलून आणतो आणि येताना काकांशी अर्धा तास क्रिकेटवर बोलून येतो.

मी दादरच्या एका सीए फर्ममध्ये ऑडिटचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत एकदा आमच्या सरांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, मुखपृष्ठ पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मॅडम, मी तुमच्यावर एवढ्या मोठ्या क्लायंटची ऑडिटं सोपवतो आणि तुम्ही हे वाचता?’’ सगळे हसले. पुढच्या वाढदिवसाला सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मला सकारात्मक विचारांची तीन पुस्तकं दिली. त्यांचं मन चांगलं होतं, हे मला कळतं. पण मला त्या दिवशी रडू आलं. व्हाउचरचे नंबर तपासताना मधला एक नंबर गळला तर मी तिथे थांबते, कोणी काय लपवलं असेल, का लपवलं असेल याचा माग काढते. ही सवय मला पदवीने लावलेली नाही. ती या कपाटाने लावली आहे.

मी त्या संध्याकाळी काकांना म्हटलं, मला खाकी कव्हर घालून द्याल का, ऑफिसात नेते. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान काढून नीट कव्हर घालून दिलं, कडा दुमडून, चिकटपट्टी न लावता. का ते विचारलं नाही. घालता घालता त्यांनी जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारळीकरांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या, मंगलाताईंच्या हाताने उतरवून घेतली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. ‘‘जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाने असली कथा लिहिली आणि नावाच्या जोरावर नाही, कथेच्या जोरावर जिंकली,’’ काका म्हणाले. पुढे 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष झाले, त्या दिवशी काकांनी वर्तमानपत्राचं कात्रण कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं. ते अजून आहे, बघा.

सप्टेंबर 2024 मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला तेव्हा आमचं अख्खं ऑफिस बघून आलं. आठवडाभर दुसरा विषय नाही. मी सांगितलं की त्याचं बीज धारपांच्या एका कथेत आहे, ज्या धारपांचं पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. कोणी फारसं ऐकलं नाही. पण आमच्याकडे कुरिअर, टपाल बघणारा मुलगा संध्याकाळी टेबलाशी येऊन उभा राहिला. ‘‘मॅडम, ते पुस्तक वाचायला मिळेल?’’ तो बदलापूरहून येतो, बारावीनंतर कॉलेज सुटलेलं. दिलं. चार दिवसांत परत आणलं आणि दुसरं मागितलं. डिसेंबरात मी त्याला घेऊन इथे आले. काकांनी त्यालाही विचारलं, ‘‘खून की भूत?’’ आज तो इथला सभासद आहे, आणि बदलापूरला घरी जाताना मधे डोंबिवलीला उतरून पुस्तक बदलतो.

लोकलमधल्या माझ्या शेजारणीचं सांगायलाच हवं. माझी जागा धरणाऱ्या काकू ठाण्यापर्यंत पोथी वाचतात. सुरुवातीला माझ्या पुस्तकाचा पोथीला स्पर्श नको म्हणून आमच्या दोघींच्या मधे पर्स ठेवायच्या. पर्स अजून असते. पण ठाणं आलं, पोथी मिटली, की त्या माझ्याकडे वळतात आणि विचारतात, ‘‘सापडला का तो?’’ मग मी दादरपर्यंत सांगते.

आता वाचनालयातल्या त्रुटी. यादी संगणकावर नाही, सगळं काकांच्या डोक्यात आणि तीन जाड रजिस्टरांत आहे. ते गावी गेले की मदतीला बसणाऱ्या मुलाला काही सापडत नाही. नव्या लेखकांच्या भयकथा उशिरा येतात आणि एकच प्रत असल्याने महिना महिना थांबावं लागतं. मागच्या खोलीत ओल आहे, पावसाळ्यात तिथली पुस्तकं फुगतात, हे मला बघवत नाही आणि मी दर वर्षी सांगते. वर्गणी आता मोबाइलवरून भरता येते, ती सोय झाली.

सगळ्यात मोठा राग मला काही सभासदांचा आहे. एका रहस्यकथेच्या बाराव्या पानावर कोणीतरी पेन्सिलने खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ‘हाच’ लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या एका पुस्तकाचं शेवटचं पानच फाडलेलं. चारशे पानं वाचून मी रात्री पावणेबाराला त्या फाटक्या कडेपाशी पोचले. दुसऱ्या दिवशी तक्रार केली. काकांनी आठवडाभरात कुठूनशी दुसरी प्रत मिळवली, त्या पानाची झेरॉक्स काढली, कडा कात्रीने पुस्तकाच्या मापात कापल्या आणि खळीने चिकटवली. झेरॉक्सचा कागद मूळ पानांपेक्षा पांढरा आहे, त्यामुळे पुस्तक मिटलेलं असतानाही शेवटी एक पांढरी रेघ दिसते. आता त्या पुस्तकाचा नंबर मला पाठ आहे.

नव्याने जाणार असाल तर संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा काका निवांत असतात. काय आवडतं ते मोठ्याने सांगा. जून ते सप्टेंबर प्लास्टिकची पिशवी बरोबर न्या, पायरीशी पाणी साचतं. आणि पुस्तक घेताना शेवटचं पान आहे की नाही ते काउंटरवरच बघा, फक्त बघा, वाचू नका.