पेसमेकरवाल्यांसाठी ॲपल वॉचचा ईसीजी: निकाल सोडा, रेघ बघा

पेसमेकर असलेल्या माणसाला या घड्याळाचा ईसीजी उपयोगी पडतो, पण ज्या कामासाठी तो विकला जातो, म्हणजे एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) ओळखणं, त्यासाठी नाही. वापरायला सोपा आहे: हात टेबलावर टेकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट क्राउनवर (घड्याळाच्या कडेच्या गोल बटणावर) ठेवायचं, ३० सेकंद हलायचं-बोलायचं नाही. मिळते एकच लीड (हृदयाकडे एका कोनातून बघणारी रेघ), साधारण हॉस्पिटलच्या ईसीजीतल्या लीड १ सारखी.

पहिली गोची स्पाइकची, म्हणजे पेसमेकरच्या झटक्याची रेघेवर उमटणारी बारीक उभी खूण. पेसमेकरचा झटका जेमतेम ०.४ मिलिसेकंदांचा, आणि घड्याळ नोंद घेतं सेकंदाला ५१२ वेळा, म्हणजे साधारण दर दोन मिलिसेकंदांनी. झटका मधल्या मधे निसटतो. त्यात बायपोलर वायरची (दोन्ही ध्रुव वायरच्या टोकाजवळच असलेली) स्पाइक मुळातच बुटकी. ती दिसली नाही म्हणून बॅटरी संपली असं समजून घाबरू नका.

क्यूआरएस, म्हणजे खालचे कप्पे (वेंट्रिकल) आकुंचन पावताना उमटणारी मोठी लहर, मात्र नीट दिसतो. वायर उजव्या वेंट्रिकलच्या टोकाशी असेल तर विद्युतलहर नेहमीच्या वाटेनं न जाता स्नायूतून रेंगाळत पसरते. म्हणून क्यूआरएस तीन बारीक चौकोनांहून, म्हणजे १२० मिलिसेकंदांहून रुंद होतो. लीड १ मध्ये बहुधा वर, आणि त्याच्यामागून येणारी टी लहर त्याच्या उलट. हे पेसिंगचंच रूप. (अटॅक आहे की नाही हे हे घड्याळ सांगत नाही. छातीत दुखत असेल तर थेट हॉस्पिटल.)

सगळ्यात फसवा भाग एएफचा. वरच्या कप्प्यांत फिब्रिलेशन चालू असलं तरी खालचे कप्पे पेसमेकर एकसारखे चालवत असेल, तर ठोके नियमितच पडतात आणि एएफ सुटून जातं. कधी नुसतंच ‘अनिर्णित’ येतं. एएफचा हिशेब पेसमेकरच्या स्वतःच्या मेमरीत असतो. तो तपासणीच्या वेळी प्रोग्रामरवर (डॉक्टरांकडच्या पेसमेकर वाचणाऱ्या यंत्रावर) काढून घ्या.

सीआरटीवाल्यांना (दोन्ही वेंट्रिकल एकत्र चालवणारा पेसमेकर असलेल्यांना) मात्र हे घड्याळ खरंच कामाचं. दोन्ही वेंट्रिकल पेस होताना लीड १ मधला क्यूआरएस बहुतेकांत खाली उतरतो. तोच एक दिवस रुंद आणि सरळ वर उभा दिसला, तर डाव्या वायरचा झटका स्नायूला लागू पडत नसल्याची शंका घ्यावी आणि तपासणी पुढे ढकलू नये.

त्यासाठी तुलनेला जुनी रेघ हवी. पेसमेकर तपासून झाला की त्याच दिवशी एक ईसीजी घ्या, पीडीएफ ठेवा, पेसमेकरचा मोड (तो कोणत्या पद्धतीनं चालतो ते) आणि किमान रेट (ठोक्यांचा कमीत कमी वेग) शेजारी लिहून ठेवा.

आणि चार्जरची चकती शर्टाच्या खिशात नको. तिच्यात लोहचुंबक असतं; पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर तरी लांब असू द्या.