खिशातला रेकॉर्डर की खांद्यावरचा मिक्सर?

माहितीपट किंवा लघुपटासाठी जागेवरचा आवाज नीट घ्यायचा, तर आज तीन पर्याय समोर येतात. पहिला, गेनची (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा त्याची) खुंटीच नसलेला दोन इनपुटचा छोटा रेकॉर्डर, उदाहरणार्थ झूम कंपनीचा एफ३. दुसरा, मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच पेटीत: साउंड डिव्हायसेस कंपनीच्या मिक्सप्री-३ ची दुसरी आवृत्ती किंवा झूमचा एफ६. तिसरा, साउंड डिव्हायसेस ३०२ सारखा जुना ॲनालॉग मिक्सर. तो स्वतः काहीच रेकॉर्ड करत नाही, आवाज सांभाळून कॅमेऱ्याकडे पाठवतो. किमती बघत बसण्याआधी एवढं ठरवा की शूटच्या दिवशी हेडफोन कोणाच्या कानावर असणार. निम्मा निर्णय तिथेच होतो.

ॲनालॉगचा विषय आधी उरकतो. ३०२ ला तीन माईक जोडता येतात, तो तीन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याचे लिमिटर (अचानक वाढलेला आवाज दाबून धरणारी सोय) आजही उत्तम आहेत. फुटेज लगेच पाठवायचं असलेल्या बातमीच्या कामाला तो शोभतो, कारण आवाज थेट चित्रासोबतच येतो. पण तीन माईक कॅमेऱ्याच्या दोन ट्रॅकमध्ये मिसळले की पुन्हा सुटे होत नाहीत. एकाच्या लेपलवर (कपड्याला लावलेल्या छोट्या माईकवर) उपरणं घासलं, तर ती खरखर दुसऱ्याच्या वाक्यावरही बसते. माहितीपटासाठी मी तो आज सुचवणार नाही.

खरी निवड पहिल्या दोन पर्यायांत आहे, आणि तिथे '३२ बिट फ्लोट'मुळे बराच गोंधळ होतो. हे दोन्ही आवाज आकड्यांत साठवण्याचे प्रकार. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं किती अंतर त्यांत मावतं, त्याची तात्त्विक मर्यादा २४ बिटमध्ये १४४ डेसिबल, ३२ बिट फ्लोटमध्ये १५०० च्या वर. वारीत याचा अर्थ लगेच कळतो. दिंडीतले एक म्हातारे वारकरी हळू आवाजात काही सांगत असतात आणि मागून अचानक टाळ-पखवाज उसळतो. २४ बिटमध्ये बोलण्यासाठी गेन वाढवून ठेवला असेल तर त्या क्षणी आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटवर दुरुस्त होत नाही. एफ३ मध्ये हळू आणि मोठ्या आवाजासाठी प्रत्येक इनपुटला दोन वेगळे कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारे भाग) असल्याने नंतर पातळी खाली आणली की पखवाज शाबूत मिळतो. एकट्यानेच कॅमेरा आणि ध्वनी दोन्ही बघायचं असेल, तर ही फार मोठी सोय आहे.

मात्र ही सोय रेकॉर्डरमध्ये शिरलेल्या आवाजापुरतीच आहे. वायरलेस लेपलच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज फाटला, तर पुढे कितीही बिट असले तरी तो फाटलेलाच नोंदला जाईल. वाऱ्याचा धपधपाट, डोक्यावरचा पंखा, माणसापासून दीड मीटर लांब राहिलेला बूम (काठीवरचा माईक), यांवरही फ्लोटचा इलाज नाही. शिवाय मिक्सप्री-३ ची दुसरी आवृत्ती आणि एफ६ दोन्ही ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे या मुद्द्यावर एफ३ ला आघाडी नाही.

मग मिक्सरचे जास्तीचे पैसे कशासाठी? हातासाठी आणि कानासाठी. ओसरीवर आजी, तिच्या दोन सुना आणि नातू एकाच वेळी बोलतायत असं समजा. एफ३ चे दोन इनपुट तिथे संपले. मिक्सरवर प्रत्येक माईकचा सुटा ट्रॅक नोंदला जातो आणि त्याच वेळी रेकॉर्डिस्ट फेडर (प्रत्येक माईकची आवाजाची खुंटी) वर-खाली करत एक ऐकण्याजोगं मिक्सही बनवतो. दिग्दर्शक तेच ऐकतो, एडिटरही पहिला कट त्याच्यावरच लावतो. खरखर आली तर रेकॉर्डिस्ट एकेक माईक वेगळा ऐकून दोष कोणाचा ते सांगतो आणि शॉट थांबवतो. एफ३ मधूनही कॅमेऱ्याला आवाज पाठवता येतो, पण चालू शॉटमध्ये असं मिक्स करण्यासाठी ते यंत्र बनवलेलं नाही.

एफ६ आणि मिक्सप्री-३ ही दोन्ही यंत्रं साधारण अर्ध्या किलोची. एफ६ ला सहा एक्सएलआर (व्यावसायिक माईकच्या केबलचे) इनपुट आणि भरवशाचा टाइमकोड (चित्र आणि आवाज नंतर जुळवायला लागणारी वेळेची खूण) आहे, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांचं शूट असेल तर तो सरस. त्याच्या खुंट्या मात्र बारीक आणि दाटीवाटीच्या आहेत. पावसात ओल्या बोटांनी शेजारची फिरते. मिक्सप्री-३ ला तीनच इनपुट, पण खुंट्या बोटांत नीट बसणाऱ्या, भोवती पातळी दाखवणारं दिव्यांचं कडं. कोकणात रात्री दशावतार शूट करताना मला तेच हवं असेल. त्याचे प्रीॲम्प (माईकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) फार शांत आहेत, म्हणजे स्वतःची सुरसुर मिसळत नाहीत; ओढ्याकाठच्या हळू मुलाखतीत ते कळतं.

वीज मिक्सप्री जास्त खातो. ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माईकला दिलेली वीज) चालू असताना चार पेन्सिल सेल बघता बघता संपतात, तेव्हा पॉवर बँक किंवा मोठ्या बॅटरीची पट्टी सोबत हवीच. एफ६ ला सोनीची एल प्रकारची बॅटरी थेट मागे बसते. कार्डाचा हिशेबही ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिटचा एक ट्रॅक तासाला सुमारे ६९० एमबी घेतो, म्हणजे सहा सुटे ट्रॅक आणि स्टिरिओ मिक्स मिळून साडेपाच जीबी.

तेव्हा एकटे असाल तर एफ३ घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या गन माईकवर (समोरच्या दिशेचा आवाज टिपणाऱ्या लांबट माईकवर) आणि त्याच्या केसाळ विंडशील्डवर घाला. वेगळा रेकॉर्डिस्ट असेल आणि बोलणारे दोन-तीनच, तर मिक्सप्री-३. माणसं त्याहून जास्त असतील तर एफ६. वर्षात एखादंच मोठं शूट असेल तर मिक्सर विकत घेऊ नका, भाड्याने आणा. तो आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या, सगळे माईक लावून प्रत्येक इनपुट हेडफोनवर ऐका आणि कार्ड फॉरमॅट करून ठेवा.