इंडिजिनस स्टडीज: एडमंटन की रेजायना?

कॅनडात बीएला इंडिजिनस स्टडीज, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास, घ्यायचंच ठरलं असेल तर मी दोन ठिकाणं आधी बघायला सांगेन, एडमंटनची युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टा आणि रेजायनाची फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी. थंडी दोन्हीकडे हाडं गोठवणारीच, त्यावरून ठरवू नका.

अल्बर्टात 1988 पासून हा विषय आहे आणि आता तर त्याची स्वतःची फॅकल्टी आहे, म्हणजे इतिहासाच्या नाहीतर अँथ्रोपॉलॉजीच्या कोपऱ्यात ढकललेलं डिपार्टमेंट नाही. मेटी लोकांचा (मूळ रहिवासी आणि युरोपियन यांच्या मिश्र वंशातून झालेला समाज) इतिहास, मूळ रहिवाशांशी झालेले करार, जमिनीचे हक्क सगळं येतं, शिवाय बीएडला जोडून करता येतं, नोकरीच्या दृष्टीने ते बरं पडतं.

रेजायनाचं वेगळंच आहे. 1976 ला फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मेटी आणि इनुइट सोडून बाकीच्या मूळ रहिवासी समाजांच्या, लोकांनीच ती उभी केली, चालवतातही तेच, डिग्री मात्र युनिव्हर्सिटी ऑफ रेजायनाची मिळते. इमारतीत काचेची मोठी टिपी (शंकूच्या आकाराचा तंबू) आहे, आर्किटेक्ट डग्लस कार्डिनलचं डिझाइन. आणि भाषा! क्री, सोटो, डेने, डकोटा, नकोटा. क्रीमध्ये दगडाला असिनी म्हणतात आणि व्याकरणात तो चक्क सजीव, आपल्यासारखं तो-ती-ते नाहीच, सजीव की निर्जीव एवढंच बघायचं आणि क्रियापद त्याप्रमाणे बदलायचं. क्री अल्बर्टातही शिकवतात, पण भाषेसाठी जायचं तर मी रेजायनाच म्हणेन.

फी भरायच्या आधी अल्बर्टाचा ‘इंडिजिनस कॅनडा’ हा 12 धड्यांचा ऑनलाइन कोर्स करून बघा, फुकट आहे.