कुबरनेटिसचा रिव्ह्यू, पण अपग्रेड करणाऱ्या माणसाकडून

कुबरनेटिसचे, म्हणजे बऱ्याच मशीनवर कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात) चालवून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, रिव्ह्यू शोधले की बहुतेक पहिल्या आठवड्यातले सापडतात. क्लस्टर (मशीनचा गट) उभा केला, तीन पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचं पुडकं) चालवले, एक मुद्दाम मारून बघितला तर दुसरा आपोआप उठला, भारी, पाच स्टार. मलाही तेव्हा भारीच वाटलेलं. पण हे काही एकदा लावून विसरायचं सॉफ्टवेअर नाहीये. वर्षाला तीन व्हर्जन येतात (आधी चार यायची, २०२१ पासून तीन केली), प्रत्येकाला पॅच साधारण वर्षभर मिळतात, आणि कंट्रोल प्लेनला (क्लस्टरचा मेंदू) मधलं व्हर्जन गाळून उडी मारता येत नाही, एकेक पायरी करत चढायचं. आळस केला की उधारी साठते. आम्ही केला, १.२१ वर दोन वर्षं निवांत बसलो आणि मग लागोपाठ सहा अपग्रेड करून १.२७ ला आलो, तेव्हा कुठे मला हे प्रॉडक्ट खरं कळलं. त्यामुळे हा रिव्ह्यू नवीन फीचरचा कमी, आणि या लोकांनी काय काय काढून टाकलं, कसं काढलं त्याचा जास्त.

सगळ्यात गाजलेलं काढणं म्हणजे डॉकरशिम, डॉकर या कंटेनर बनवून चालवणाऱ्या टूलशी जोडणारा पूल. डिसेंबर २०२० ला १.२० सोबत सांगितलं की हे जाणार, आणि लगेच सगळीकडे बोंब, डॉकर बंद, आता इमेज (कंटेनरचे साचे) परत बनवा. तसं काही नव्हतं. क्यूबलेटची (प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर, पॉड चालवणारा एजंट) कंटेनर रनटाइमशी (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर) बोलायची एक ठरलेली भाषा आहे, सीआरआय, ती डॉकरला येत नव्हती म्हणून क्यूबलेटच्या कोडमध्येच एक दुभाषा बसवलेला आणि त्याला सांभाळायचं काम कायम यांच्या गळ्यात. डॉकर स्वतः आतून कंटेनरडी नावाचा, ही भाषा येणारा रनटाइमच वापरतं, मग मधला माणूस कशाला. मे २०२२ मध्ये १.२४ ला दुभाषा गेला, म्हणजे सांगून जवळपास दीड वर्ष दिलं. आमची इमेज एकही अडली नाही. अडले ते आम्हीच करून ठेवलेले जुगाड. एक बिल्डचा जॉब नोडवरचं डॉकरचं सॉकेट (त्याच्याशी बोलायची फाइल) माउंट करून बसलेला, आणि लॉग गोळा करणारा एजंट डॉकरच्या जेसन ओळी येतील असं धरून चाललेला, कंटेनरडीच्या लॉगचा फॉरमॅट वेगळा, त्यामुळे दोन दिवस डॅशबोर्डवर लॉगच्या जागी नुसता कचरा. शिवाय नोडवर शिरलं की बोटं आपोआप डॉकर पीएस (चालू कंटेनर दाखवणारी कमांड) टाइप करायची, ती सवय सुटायला महिना गेला.

पण खरी मजा एपीआय (क्लस्टरला वस्तू मागायचे ठरलेले प्रकार, प्रत्येकाला व्हर्जन असतं) काढण्यात आहे. १.२२ मध्ये इंग्रेसचं (बाहेरची ट्रॅफिक आत आणायचे नियम) व्ही१बीटा१, म्हणजे कच्चं व्हर्जन, गेलं, १.२५ मध्ये क्रॉनजॉबचं (ठरल्या वेळी चालणारं काम) आणि पॉड डिसरप्शन बजेटचं (एका वेळी किती पॉड बंद पडू द्यायचे) गेलं, पॉड सिक्युरिटी पॉलिसी (पॉडला काय करू द्यायचं याचे नियम) तर अख्खी गेली. मी अपग्रेडच्या आधी काय केलं, तर क्लस्टरमधले सगळे क्रॉनजॉब यॅमलमध्ये (कॉन्फिग लिहायचा फॉरमॅट) काढून बघितले, सगळ्यांवर बॅच व्ही१, म्हणजे पक्कं व्हर्जन, म्हटलं चला, आपलं घर स्वच्छ आहे. इथेच फसलो. एपीआय सर्व्हर तुम्हाला वस्तू त्याच्या पसंतीच्या व्हर्जनमध्ये बदलून दाखवतो, तुम्ही ती कुठल्या व्हर्जनने टाकली होती ते वरवर बघून कळतच नाही. अपग्रेड झाला, चालू जॉब चालूच राहिले, सगळे खूश, आणि तिसऱ्या दिवशी डिप्लॉय करायला गेलो तर हेल्मने (क्लस्टरवर ॲप टाकायचं टूल) हात वर केले. घाईघाईत चार्टमधलं (हेल्मचं पॅकेज) व्हर्जन दुरुस्त केलं, परत चालवलं, तरी तेच रडगाणं, असली वस्तू मला माहीतच नाही म्हणे. आता चार्टमध्ये जुनं काहीच नाही तर हा रडतोय कशावर? शेवटी कळलं की हेल्म मागच्या रिलीजचं यॅमल क्लस्टरमध्येच एका सीक्रेटमध्ये (गुप्त माहिती ठेवायची वस्तू) जपून ठेवतं, नवीन टाकायच्या आधी त्याच्याशी ताडून बघतं, आणि ते जुनं अजून व्ही१बीटा१च बोलत होतं. यासाठी मॅपक्यूबएपीआयज नावाचं हेल्मचं प्लगइन आहे, ते आत साठवलेलं जुनं व्हर्जन बदलून देतं. पाच मिनिटांचं काम, शोधायला अख्खी रात्र.

यात कुबरनेटिसला दोष किती द्यायचा? माझ्या मते फार नाही. १.१९ पासून जुना एपीआय वापरला की टर्मिनलवर सरळ वॉर्निंग येते, कुठल्या व्हर्जनला तो जाणार तेही त्यात असतं, आणि अजून कोणी जुने एपीआय मागतंय का ते सांगणारं मेट्रिकही एपीआय सर्व्हर देतो. आमच्या पाइपलाइनच्या लॉगमध्ये ती वॉर्निंग महिनोन्‌महिने येत होती. हिरवी टिक आल्यावर लॉग कोण उघडतं.

दोष द्यायचाच तर दुसऱ्या गोष्टीला देईन. इंग्रेस १.१ पासून १.१९ पर्यंत, म्हणजे २०१५ ते २०२०, बीटाच होता. पाच वर्षं! तोपर्यंत अख्ख्या जगाने प्रॉडक्शनमध्ये तोच लावलेला, आणि मग म्हणायचं की बीटा होता ना, बीटा काढायचा आम्हाला हक्क आहे. नियमाने बरोबर, पण बीटा बायडिफॉल्ट चालू ठेवून वर असं म्हणणं म्हणजे जेवायला वाढून मग सांगायचं की स्वयंपाक अजून चालू आहे. हे त्यांनाही कळलं असावं, कारण पुढे नियम केला की एपीआय बीटात कायमचा लोळत पडायचा नाही, आणि १.२४ पासून नवीन बीटा एपीआय बायडिफॉल्ट बंद असतात, हवे तर तुम्ही स्वतःहून चालू करा. मला हा बदल कुठल्याही चकचकीत फीचरपेक्षा मोठा वाटतो.

उलट एकदा स्टेबल झालेली गोष्ट काढायची नाही हे मात्र ते इतकं पाळतात की हसू येतं. कंपोनंटस्टेटस (क्लस्टरच्या भागांची तब्येत सांगणारा एपीआय) बघा, १.१९ पासून जुनं ठरवलंय, कमांड मारली की स्वतःच सांगतं मी जुनं आहे, तरी जात नाही कारण ते व्ही१ आहे. घरातल्या जुन्या कपाटासारखं, कोणी उघडत नाही पण हलवायचंही नाही.

फ्लॅगच्या (प्रोग्राम सुरू करताना द्यायचे पर्याय) बाबतीत मात्र एवढी माया नाही. १.२७ ला क्यूबलेटचा कंटेनर रनटाइमवाला फ्लॅग काढला, डॉकरशिम गेल्यावर त्याला तसाही अर्थ उरला नव्हता, आणि आमच्या हाताने लिहिलेल्या सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून देणारा) फाइलमध्ये तो बसलेला. परिणाम, क्यूबलेट उठायलाच तयार नाही, नोड नॉटरेडी. फीचर गेटचंही (फीचर चालू-बंद करायचं बटण) तसंच, फीचर स्टेबल झालं की काही व्हर्जननंतर गेटच काढून टाकतात आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये त्याचं नाव राहिलं असेल तर प्रोसेस सुरूच होत नाही. नशीब की आम्ही एकेक नोड रिकामा करून पुढे जात होतो, सगळे एकदम केले असते तर हा रिव्ह्यू लिहायला मी नोकरीत नसतो.

आता कौतुकाची गोष्ट. क्लाउड कंपन्यांचा कोड आधी कुबरनेटिसच्या पोटातच होता, डिस्क जोडणं, लोड बॅलन्सर मागणं, सगळं. म्हणजे तुम्ही स्वतःच्या मशीनवर चालवत असाल तरी भलत्याच क्लाउडचा कोड घेऊन फिरायचं. तो बाहेर काढायचं काम कित्येक वर्षं चाललं आणि १.३१ ला, ऑगस्ट २०२४ मध्ये, पूर्ण झालं. साधारण १५ लाख ओळी गेल्या आणि मुख्य कंपोनंटच्या बायनरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. चालू विमानातून एवढं सामान उतरवायचं आणि प्रवाशांना कळूही द्यायचं नाही, हे सोपं नाहीये. आमच्यासारख्या स्वतःच्या मशीनवाल्यांना तर त्या अपग्रेडमध्ये काहीच जाणवलं नाही, चहा थंड व्हायच्या आत झाला.

वेग मात्र विचारू नका. साइडकार कंटेनर, म्हणजे मुख्य कामासोबत चालणारा मदतनीस, त्याला नीट जागा मिळायला १.३३ उजाडलं, एप्रिल २०२५. ही सोय नव्हती तेव्हा जॉबमध्ये साइडकार टाकला की मुख्य काम संपलं तरी तो बसून राहायचा आणि जॉब कधी संपायचाच नाही, आम्ही त्याला मारायला शेल स्क्रिप्ट लिहिलेल्या, लाज वाटेल अशा. आता इनिट कंटेनरवर (मुख्य कामाच्या आधी सुरू होणारा) रीस्टार्ट पॉलिसी ऑलवेज टाकली की झालं. चालू पॉडची मेमरी न मारता वाढवायची सोय २०२३ मध्ये १.२७ ला अल्फा आली आणि स्टेबल व्हायला डिसेंबर २०२५ चं १.३५ लागलं. हे मला चालतं, बीटा प्रकरणानंतर तर जास्तच चालतं.

स्टार म्हणाल तर चार. पाचवा अडलाय तो इंग्रेस एनजिनएक्सवर, म्हणजे इंग्रेसचे नियम एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरून राबवणाऱ्या कंट्रोलरवर. अर्धं जग ज्यावर चालतं तो कंट्रोलर एकदोन माणसं आपला रिकामा वेळ घालून सांभाळत होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढं बघू, त्यानंतर सिक्युरिटीचे पॅचसुद्धा नाहीत. डॉकरशिमला दीड वर्ष, याला चारपाच महिने. त्या माणसांवर राग नाही, फुकट राबले बिचारे, पण गाभा एवढा झाडूनपुसून घेणाऱ्या प्रोजेक्टचा उंबरठा असा सोडून द्यायचा? आम्ही इंग्रेसच्या जागी आलेल्या गेटवे एपीआयवर चाललोय. साधे रूट दोन दिवसांत झाले, पण कोणीतरी ॲनोटेशनमध्ये (वस्तूला चिकटवलेली जादा नोंद) घुसडलेले एनजिनएक्सचे स्निपेट (कॉन्फिगचे तुकडे) अजून नऊ शिल्लक आहेत, आणि त्यातले तीन माझेच निघाले.