पऱ्हाटीला गांडूळखत: ८ महिन्यांचा अनुभव

यवतमाळकडच्या आमच्या काळ्या वावरात यंदा जूनमध्ये तीन एकर पऱ्हाटी (कपाशी) टोबली. एका एकरात विकतचं गांडूळखत, एकात घरचं शेणखत, एकात नुसता युरिया. आता जानेवारी संपतोय. गांडूळखत घ्या असंच मी सांगेन, पण युरिया पार बंद होईल या आशेनं घेऊ नका.

सगळ्यात जास्त शिकवलं ते शेणखताच्या एकरानं. उन्हाळ्यात शेणखताच्या बंड्या (बैलगाड्या) रिकाम्या केल्या, पण खत अर्धकच्चं होतं, पऱ्हाटीच्या काड्या तशाच दिसत होत्या. जुलैत झाडं पिवळी पडली, तीही खालच्या पानांपासून. रोग समजून फवारणी करणार होतो. खरं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या शेंड्याला देत होतं, कारण मुळांना ते मिळतच नव्हतं. काड्यांत कर्ब भरपूर, नत्र थोडं. त्या कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठीच उचलतात आणि पीक उपाशी राहतं. जिवाणू मेले की ते परत मोकळं होतं. आमच्याकडे हिरवेपणा यायला पोळा उजाडला. तोवर पात्या (फुलांच्या कळ्या) लागायचे दिवस हातचे गेले होते.

गांडूळखताच्या एकरात हे झालं नाही, कारण ते आधीच कुजलेलं असतं. डवरताना (ओळींमध्ये कोळपताना) मातीही मोकळी लागली. पण मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपात. थोडी अमिनो आम्लं थेट शोषतं, तेवढंच. म्हणजे खत शेणाचं असो की बॅगेतलं, मुळापाशी पोचणारं नत्र बहुतांशी सारखंच. फरक पडतो तो वेळेचा आणि मात्रेचा. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगेत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र. गांडूळखतात साधारण दीड टक्का धरलं तर तेवढ्या नत्रासाठी जवळपास १४ क्विंटल लागतं, आणि तेही एका हंगामात सगळं सुटत नाही. म्हणून पात्या लागताना या एकरालाही अर्धी बॅग दिलीच.

युरिया आधी मी फेकायचो. तो मातीवर उघडा राहिला की अमोनिया होऊन उडतो, आणि आमच्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर असल्यानं जास्तच. यंदा डवऱ्यामागे पडणाऱ्या सरीत टाकून मातीआड केला. वावरात पाणी तुंबलं असेल तर थांबा. युरियाचं मातीत आधी अमोनियम होतं, ते मातीच्या कणांना धरून राहतं. त्याचं पुढे होणारं नायट्रेट पाण्यासोबत खाली जातं किंवा तुंबलेल्या जागी जिवाणू त्याचा वायू करतात. युरियावरचा निंबोळी तेलाचा लेप अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतो, थांबवत नाही.

एक तक्रार आहे. विकत घेतलेल्या गांडूळखताच्या काही पोत्यांत ओली माती आणि खडे निघाले, पैसे परत मिळाले नाहीत. पोतं उघडून बघा: चहापत्तीसारखं दाणेदार हवं, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. यंदा गोठ्यामागे निंबाच्या सावलीत घरचाच वाफा घातलाय, आणि शेणखताचा खड्डा दोनदा पलटवल्याशिवाय वावरात न्यायचा नाही असं ठरवलंय.